सुईदोऱ्यावर उडणारी विमानं

 

आज विमानांबद्दल बोलायचं आहे. चिकलठाण्याला उतरतात त्या मोठ्या विमानांबद्दल नाही. ज्यांचे पंख कापडाचे असतात, अशा विमानांबद्दल. हो, कापडाचेच. ते कापड मशीनवर शिवतात, मग लाकडी सांगाड्यावर चढवून हातानं टाके घालतात. ही विमानं लढाईसाठी नव्हती. सैन्यात नव्यानं आलेल्या पोरांना उडायला शिकवायची विमानं होती. पुढे शिकणारा, मागे शिकवणारा, किंवा उलट. आपण सायकल शिकताना कोणीतरी मागून कॅरिअर धरून पळतं ना, तसा प्रकार. ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वीची त्यातली काही विमानं आजही उडतात. आणि गंमत अशी, की जगात बऱ्याच ठिकाणी ती उडती ठेवणारी माणसं पगारी नाहीत. रविवारी वेळ काढून येणारे मास्तर, मेकॅनिक, निवृत्त आजोबा, कॉलेजच्या मुली, शिवणकाम येणाऱ्या बायका, अशी ही माणसं.

आता तुम्ही म्हणाल, ताई, आपल्या गटाचे हप्ते, पापडाची ऑर्डर, बँकेचं कर्ज सोडून हे विमान कुठून काढलं? सांगते. आधी कापडाचं ऐका.

जवस आपल्याला ठाऊक आहे. चटणी करतो, तेल काढतो. याच जवसाच्या उंच वाढणाऱ्या जातीच्या काड्या भिजवून, कुजवून त्यांचा धागा काढतात. त्याच्या कापडाला लिनन म्हणतात. हलकं आणि चिवट. जुन्या विमानांना हेच कापड किंवा घट्ट विणीचं सुती कापड लागायचं. पंखाच्या मापाची खोळ शिवायची, उशीला अभ्रा घालतो तशी ती पंखावर सरकवायची आणि उघडी कड हातानं बंद करायची. एवढ्यावर भागत नाही. उडताना पंखाच्या वरच्या बाजूला हवा कापड वर ओढते. कापड सुटलं तर विमान खाली. म्हणून पंखाच्या आत ज्या आडव्या लाकडी फासळ्या असतात, त्या प्रत्येकीला कापड मेण लावलेल्या दोऱ्यानं बांधतात. हातभर लांब सुई वरून घालायची, खालून काढायची, गाठ मारायची, चार बोटं पुढे जायचं, पुन्हा गाठ. एक टाका सुटला तरी पुढचा सुटू नये म्हणून प्रत्येक गाठ स्वतंत्र बसवायची. गोधडी घालणाऱ्या बाईला हे लगेच कळेल. टाक्यांवर पट्टी चिकटवायची आणि मग एक खास रोगण ब्रशनं लावायचं. ते वाळलं की कापड आक्रसतं आणि ढोलकीच्या कातड्यासारखं ताणलं जातं. बोटानं टिचकी मारली की वाजतं. वरून चंदेरी रंगाचा हात देतात, उन्हानं कापड कुजू नये म्हणून. हल्ली पुष्कळ ठिकाणी पॉलिस्टरचं कापड वापरतात आणि ते ताणायला चक्क इस्त्री फिरवतात. किती गरम इस्त्री, किती वेळ, याचं माप ठरलेलं असतं.

पहिल्या महायुद्धात इंग्लंडच्या कारखान्यांत हे पंख शिवायला बायकांच्या रांगाच्या रांगा बसत. विमान उडवणाऱ्यांची नावं पुस्तकात आली. टाके घालणाऱ्यांची किती आली? आणि जाता जाता सांगते, १९०३ साली पहिलं विमान उडवणाऱ्या राइट बंधूंनी आपल्या विमानाचं मलमलीचं कापड स्वतः शिलाई मशीनवर बसून शिवलं होतं. शिवणकाम बायकांचं काम, असं जो म्हणेल त्याला हे सांगा.

या कापडी विमानांतलं सगळ्यात प्रसिद्ध म्हणजे टायगर मॉथ. मॉथ म्हणजे पतंग, दिव्याभोवती फिरणारा. ते बनवणारे जेफ्री डी हॅविलंड यांना फुलपाखरं आणि पतंग जमवायचा नाद होता, म्हणून त्यांच्या विमानांना अशी नावं. हे विमान १९३१ साली पहिल्यांदा उडालं. एकावर एक असे दोन पंख, वर छत नाही, वारा थेट तोंडावर. त्याला ब्रेक नाही आणि चालू करायला बटणही नाही. बाहेर उभं राहून कोणीतरी हातानं पंखा फिरवायचा. शिकवणारा नि शिकणारा एका नळीतून बोलायचे. एका टोकाला तोंड, दुसऱ्या टोकाला कान. जगभरात आठ हजारांहून जास्त टायगर मॉथ बनले. आपल्या हवाई दलातल्या कितीतरी वैमानिकांचं पहिलं उड्डाण यावरच झालं. पुढे यातली बरीच विमानं देशातल्या फ्लाइंग क्लबांकडे गेली.

टायगर मॉथची थोरली बहीण म्हणजे जिप्सी मॉथ. तिच्यावर १९३६ साली लाहोरमध्ये सरला ठकराल नावाच्या एकवीस वर्षांच्या बाईनं एकटीनं उड्डाण केलं. अंगावर साडी. घरी चार वर्षांची मुलगी. हजार तासांचं उड्डाण तिनं पूर्ण केलं. १९३९ मध्ये नवरा विमान अपघातात गेला, तोही वैमानिक होता. व्यावसायिक वैमानिक व्हायचं तिचं शिक्षण महायुद्धामुळे थांबलं. मग ही बाई चित्रकला शिकली, फाळणीनंतर मुलींना घेऊन दिल्लीला आली आणि साड्यांवर छपाई, दागिन्यांचे नमुने असा धंदा उभा केला. मला तिचं उडणं जेवढं मोठं वाटतं, तेवढाच हा दुसरा डावही मोठा वाटतो. पण तिच्याबद्दल लिहिणारे साडीतल्या फोटोपाशीच थांबतात.

आता आपल्या मराठी माणसाकडे येऊ. सोलापुरात जन्मलेले वालचंद हिराचंद यांनी १९४० च्या डिसेंबरात म्हैसूर संस्थानाच्या साथीनं बंगळूरला विमानांचा कारखाना काढला. तेच आजचं एचएएल. तिथे जुळवलेलं पहिलं विमानही हार्लो नावाचं शिकाऊ विमानच होतं. भाग अमेरिकेचे, जुळणी आपली. या कारखान्यात डॉ. विष्णू माधव घाटगे नावाचे एक शास्त्रज्ञ आले. जन्म १९०८ चा. जर्मनीत जाऊन लुडविग प्रांटल या मोठ्या शास्त्रज्ञाच्या हाताखाली हवेच्या प्रवाहाचा अभ्यास करून आलेले. स्वातंत्र्यानंतर नव्या देशाला विमानं हवी होती. घाटगे आणि त्यांच्या सोबत्यांनी सुरुवात कशानं केली? लढाऊ विमानानं नाही. शिकवायच्या विमानानं. मला हा विचार फार शहाणपणाचा वाटतो. घर बांधताना आधी पाया. वैमानिकच तयार नसतील, तर लढाऊ विमान कोण उडवणार?

त्या विमानाचं नाव एचटी-२. ऑगस्ट १९५१ मध्ये ते पहिल्यांदा उडालं, कॅप्टन जमशेद मुन्शी यांनी उडवलं. आपल्याच माणसांनी आखलेलं, आपल्याच कारखान्यात मोठ्या संख्येनं बनलेलं हे पहिलं इंजिनाचं विमान. कापडाचं युग तोवर मागे पडत होतं, हे धातूचं होतं. दीडशेहून अधिक बनली. घानासारख्या नव्यानं स्वतंत्र झालेल्या देशाच्या हवाई दलालाही ही विमानं आपण दिली. आपल्या शेजारी बीदरला हवाई दलाची उड्डाण शाळा होती. उदगीरकडच्या तायांना बीदर काही परकं नाही. तिथे पोरं याच एचटी-२ वर पहिले धडे गिरवत. त्या भागातल्या म्हाताऱ्या माणसांनी शेतातून मान वर करून ही विमानं पाहिली असतील. पुढे घाटग्यांच्याच हाताखाली किरण हे जेटचं शिकाऊ विमान तयार झालं. ते १९६४ च्या सप्टेंबरात उडालं. नऊ विमानं एका रांगेत कसरती करतात ती सूर्यकिरण तुकडी तुम्ही टीव्हीवर पाहिली असेल. १९९६ साली ती याच किरण विमानांवर सुरू झाली, आणि तिचं घर बीदर. आता ती दुसऱ्या जातीच्या विमानांवर उडते.

घाटग्यांना १९६५ मध्ये पद्मश्री मिळाली. पण आपल्या शाळेतल्या मुलांना विचारून बघा, किती जणांना हे नाव माहीत आहे. बंगळूरच्या एचएएलच्या संग्रहालयात एचटी-२ जपून ठेवलेलं आहे. कधी गटाची सहल तिकडे गेली, तर बागा-बाजार झाल्यावर तासभर तिथेही जा.

हे झालं बनवण्याचं. आता जपण्याचं. त्यासाठी एका आईची गोष्ट सांगते.

इंग्लंडात ओल्ड वॉर्डन नावाचं खेडं आहे, भोवती सगळी शेती. तिथे डोरोथी शटलवर्थ नावाची बाई राहायची. मुलगा तीन-चार वर्षांचा असताना नवरा गेला. एकुलता एक मुलगा रिचर्ड, त्याला जुन्या मोटारी आणि जुन्या विमानांचं वेड. लोक भंगारात टाकायचे ते हा उचलून आणायचा आणि चालू करायचा. महायुद्ध लागलं, तो हवाई दलात गेला आणि २ ऑगस्ट १९४० ला रात्रीच्या सरावाच्या उड्डाणात गेला. वय एकतीस. लढाईत नाही, सरावात.

डोरोथीबाईंपुढे प्रश्न होता, आता या शेडभर विमानांचं करायचं काय? विकून टाकता आली असती. त्यांनी १९४४ मध्ये मुलाच्या नावानं एक विश्वस्त संस्था काढली. तिची कामं दोन: विमानविद्येचं शिक्षण आणि शेतीचं शिक्षण. त्यांच्या जमिनीवर शेतीचं कॉलेज उभं राहिलं, आणि मुलाची विमानंही राहिली. १९६८ मध्ये डोरोथीबाई वारल्या. आजही त्या खेड्यात उन्हाळ्यातल्या ठरावीक दिवशी विमानं उडतात आणि लोक जेवणाचे डबे घेऊन गवतावर बसून बघतात. तिथलं एक विमान १९०९ सालचं आहे. उडू शकणारं जगातलं सगळ्यात जुनं म्हणतात ते हे. वारा पडला की संध्याकाळी ते जमिनीपासून थोडं वर उचलतात, पुन्हा टेकवतात, बस. त्याच्याकडून एवढीच अपेक्षा. म्हाताऱ्या बैलाला कोणी नांगराला जुंपत नाही, पोळ्याला तेवढं सजवून फिरवतात, तसं.

या सगळ्याला हात लागतात. तिथे स्वयंसेवकांची मोठी संघटना आहे. कोणी तिकिटं फाडतं, कोणी पंख पुसतं, कोणी टाके घालतं. कोणी काय केलं याची नोंद मात्र काटेकोर असते. कोणता भाग कधी बदलला, कोणी बदलला, कोणी तपासला, सह्या कोणाच्या. करणारा एक आणि तपासणारा दुसरा. आपल्या गटात वही एकीकडे आणि पेटीची किल्ली दुसरीकडे ठेवतो, त्यातलीच ही रीत.

याच ओल्ड वॉर्डनमध्ये रशियातलं एक कापडी विमान आहे, पो-२. तिकडे ते शिकायचं आणि शेतात फवारणी करायचं विमान. १९४१ मध्ये जर्मनीनं हल्ला केल्यावर मारिना रास्कोवा या बाईनं बायकांच्या विमान तुकड्या उभ्या केल्या. त्यातली एक रात्री बॉम्ब टाकायची, आणि तिला दिली कोणती विमानं? हीच, शिकायची, लाकूड-कापडाची. वैमानिक बायका, मेकॅनिक बायका, बॉम्ब लावणाऱ्याही बायका. रात्री शत्रूच्या जवळ आलं की इंजिन मंद करून त्या आवाज न करता घसरत खाली यायच्या. फक्त वाऱ्याची सळसळ यायची. जर्मन सैनिक त्यांना रात्रीच्या चेटकिणी म्हणायचे. आपल्याकडेही एखाद्या बाईची भीती वाटली की तिला काय म्हणतात, हे मी सांगायला नको.

अमेरिकेची गोष्ट आणखी वेगळी. महायुद्धात तिथे बायकांची वैमानिक तुकडी होती. टेक्सासमध्ये स्वीटवॉटर गावाबाहेर त्यांचं शिक्षण व्हायचं. पंचवीस हजारांहून जास्त जणींनी अर्ज केले, १०७४ जणी शिकून बाहेर पडल्या. कारखान्यातून विमानं पोहोचवायची, नव्या विमानांची चाचणी घ्यायची, अशी कामं त्यांनी केली. त्या ज्या विमानावर शिकल्या, त्याला तिकडे टेक्सन आणि आपल्या हवाई दलात हार्वर्ड म्हणायचे. एकच विमान. या कामात ३८ जणी गेल्या. पण सरकारच्या हिशेबात त्या सैनिक नव्हत्या. मृतदेह घरी पोहोचवायचा खर्चसुद्धा सरकार देत नसे. बरोबरीच्या मुली वर्गणी काढायच्या. १९७७ साली, म्हणजे तेहतीस वर्षांनी, त्यांना माजी सैनिक मानायचा कायदा झाला. त्यांची विमानं आज तिथले स्वयंसेवक उडवतात. ती विमानं बघायला लोक जमतात, तेव्हा या बायकांची नावं पुन्हा घेतली जातात.

टेक्सासमध्येच १९५७ साली काय झालं बघा. युद्ध संपलं, विमानं भंगारात निघाली. लॉइड नोलेन आणि त्याचे चार मित्र यांनी मिळून अडीच हजार डॉलरला एक जुनं लढाऊ विमान घेतलं. पाच जणांत एक विमान. पुढे माणसं वाढली, विमानं वाढली, आणि आज त्यांच्या संस्थेकडे दीडशेहून अधिक विमानं आहेत, शिकाऊ विमानंही त्यात आली. आपले गट दहा-वीस बायकांनी महिन्याला थोडे थोडे टाकून सुरू होतात. मला तर यात फार ओळखीचं काही दिसतं.

पण सगळंच गोड नाही. जुनी विमानं उडवणं धोक्याचं आहे. २२ ऑगस्ट २०१५ ला इंग्लंडमध्ये शोरहॅम इथे अशाच कार्यक्रमात एक जुनं जेट, दोन सीटचं शिकाऊ जातीतलं, कसरत करताना रस्त्यावर कोसळलं. अकरा माणसं गेली. त्यांतली बरीच आपापल्या कामानं रस्त्यावर होती. त्यानंतर तिथले नियम कडक झाले. २०२२ च्या नोव्हेंबरात टेक्सासमध्ये त्याच नोलेनच्या संस्थेच्या कार्यक्रमात दोन जुनी विमानं हवेत धडकली आणि सहा जण गेले. यानंतर पुष्कळांनी विचारलं की हा हट्ट कशाला? काचेआड ठेवा, बघा, पुरे झालं.

मी यावर बरेच दिवस विचार केला. आपल्या शहरातल्या हिमरूचं बघा. सूत आणि रेशमाचं ते कापड एकेकाळी घरोघरी विणलं जायचं. माग संग्रहालयात ठेवला तर त्याचं लाकूड शंभर वर्षं टिकेल. पण पाय कधी दाबायचा, धागा कुठे सैल सोडायचा, हे लाकडाला माहीत नसतं. ते विणणाऱ्याच्या हातात असतं आणि रोज विणलं तरच राहतं. विमानाच्या कापडाचंही तेच. उभ्या विमानाचे टाके कोणी तपासत नाही. उडायचं असेल तर तपासावेच लागतात, म्हणजे कोणाला तरी ते शिकवावं लागतं. म्हणून माझं मत उडवण्याच्या बाजूनं आहे. मात्र सावकाश, सरळ, लोकवस्ती आणि गर्दीपासून लांब, आणि कसरती बंद. टायगर मॉथला बघायला कसरत लागत नाही. शोरहॅमच्या त्या अकरा घरांपुढे उभं राहून कसरतीच्या बाजूनं बोलायची माझी तरी हिंमत होणार नाही.

आपल्या देशात हे काम स्वयंसेवकांपेक्षा हवाई दलानंच हाती घेतलं आहे. त्यांची जुन्या विमानांची एक तुकडी आहे. ८ ऑक्टोबर २०१२ ला, हवाई दल दिनी, दिल्लीजवळ हिंडन इथे टायगर मॉथ पुन्हा लोकांसमोर उडालं. मग हार्वर्डही आलं. २०१८ मध्ये डाकोटा आलं. ते शिकाऊ नव्हे, माल-माणसं नेणारं. राजीव चंद्रशेखर यांचे वडील हवाई दलात डाकोटा चालवायचे. मुलानं आयर्लंडमध्ये भंगारात निघालेलं एक डाकोटा घेतलं, दुरुस्त करवलं आणि हवाई दलाला भेट दिलं. २७ ऑक्टोबर १९४७ ला आपले शीख जवान घेऊन श्रीनगरला जे पहिलं डाकोटा उतरलं, त्याचाच नंबर, व्हीपी ९०५, या विमानावर घातला आहे. इंग्लंडहून उडत उडत ते एप्रिलमध्ये जामनगरला पोहोचलं.

यात मला एक गोष्ट मात्र खटकते. टायगर मॉथ काय, डाकोटा काय, दुरुस्ती झाली इंग्लंडमध्ये. आपल्याकडे सुई धरणारे हात कमी आहेत का? पैठणी विणणारा, आरी भरणारा, गोधडी घालणारा हा मुलूख. विमानाच्या टाक्यांसाठी वेगळं शिक्षण लागतं, परवाना लागतो, तपासनीस लागतो, हे खरं. पण ते शिकवायचं ठरवलं तर शिकणाऱ्या मुली मिळणार नाहीत, असं मला वाटत नाही.

उडायला तर मुली गेल्याच आहेत. २०१६ च्या जूनमध्ये अवनी चतुर्वेदी, भावना कांत आणि मोहना सिंह या पहिल्या तिघी लढाऊ वैमानिक झाल्या. २०१९ मध्ये नागपूरची अंतरा मेहता, आपल्या महाराष्ट्रातली पहिली. आणि घाटग्यांच्या एचटी-२ च्या घराण्यातलं सगळ्यात नवं शिकाऊ विमान एचटीटी-४० हे आता आपल्या नाशिकजवळ ओझरच्या कारखान्यातही बनू लागलं आहे. ओझरच्या कारखान्यात काम करणाऱ्यांच्या घरच्या तायांनो, तुम्हाला यातलं माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल.

शेवटी एक काम सांगते, जमलं तर करा. तुमच्या गावात हवाई दलात नोकरी करून आलेले कोणी आजोबा असतील, मेकॅनिक असोत की स्वयंपाकी, त्यांच्याकडे जाऊन बसा. बीदरला होतात का, एचटी-२ पाहिलंत का, हार्वर्डचा आवाज कसा होता, हे विचारा. आणि त्यांच्याइतकंच घरातल्या आजींनाही विचारा. नवरा उडायच्या मैदानावर असताना क्वार्टरमध्ये त्या काय ऐकायच्या, परत यायला उशीर झाला की काय करायच्या. फोनवर आवाज भरून घ्या, त्यांची परवानगी घेऊन, आणि केंद्रावर आणून द्या. पुढच्या महिन्यात त्यातलं जे येईल ते ऐकवू. येते मी.